तिरकी रेष किती लांब? पिक्सेल मोजले तर ५ इंच, टेप लावला तर सव्वाआठ

साखरपेठ_डिझाइन

नमस्कार मंडळी, सोलापूरच्या पूर्व भागातनं लिहितोय. घरचा यंत्रमाग आहे, वॉल हँगिंग काढतो आम्ही, मी चार वर्षं झाली कॉम्प्युटरवर जॅकार्डचं (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) डिझाइन करतोय. एक गोष्ट डोक्यात बसंना झालीय आणि त्यात नुकसान पण झालंय म्हणून विचारतो.

एका गिऱ्हाइकाची ६० पीसची ऑर्डर होती. मधोमध मोठा शंकरपाळा, आणि शंकरपाळ्याच्या चारी बाजूंवरनं सोनेरी लेस शिवून द्यायची. जॅकार्ड ४८० हुकाचा (हुक म्हणजे उभा धागा उचलणारा आकडा) आहे म्हणून शंकरपाळा फाइलमध्ये ४८० पिक्सेल रुंद आणि ४८० पिक्सेल उंच काढला, म्हणजे एक बाजू २४० कॉलम आडवी जाते आणि २४० ओळी वर चढते, एकदम सरळ तिरकी, एक वर एक बाजूला, एक वर एक बाजूला. ताणा, म्हणजे उभे धागे, इंचाला ४८ आहे. बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्यांची, ३६ पिकं (एक आडवा धागा म्हणजे एक पिक).

आता लेस किती लागणार ते काढायचं होतं. बाजूवरचे पिक्सेल मोजले, २४०. भागिले ४८, आले ५ इंच. हे चूक असणार एवढं कळत होतं कारण कोपऱ्यातनं कोपऱ्यात जाणारी रेष सरळ रेषेपेक्षा मोठी असणार. मग वाटलं पायऱ्या धरून मोजू, २४० आडव्या आणि २४० उभ्या, ४८० भागिले ४८, आले १० इंच. ते पण पटंना. मग शाळेतलं आठवलं की चौकोनाचा कर्ण म्हणजे बाजू गुणिले १.४१४, तर ५ गुणिले १.४१४ म्हणजे ७.०७ इंच. हे बरोबर वाटलं. चार बाजूंचे २८.२८, जोडाला अर्धा इंच जादा, गुणिले ६०, आले १७२७ इंच म्हणजे जवळपास ४४ मीटर. तेवढीच लेस मागवली.

आई आणि काकू लेस लावत बसल्या आणि ५१ पीस झाल्यावर लेस संपली ओ. नऊ पीस तसेच पडलेत. परत आणायला गेलो तर नवीन लॉटचा सोनेरी जरा तांबूस आहे, शेजारी ठेवलं की लगेच कळतंय. टेप लावून बघितला तर एक बाजू सव्वाआठ इंच भरतीय. ५ पण नाही, १० पण नाही, ७.०७ पण नाही. हा चौथा आकडा कुठनं आला? शंकरपाळा कापडावर जरा उभा लांबट पण दिसायलाय, स्क्रीनवर तर एकदम चौरस होता.

तिसरं_वर्ष_कॉम्प्युटर

दादा, तुझे पहिले तीन आकडे चुकीचे असे नाहीत, तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत ती. आम्हाला इमेज प्रोसेसिंगला हेच होतं म्हणून सांगतो.

बुद्धिबळाचा पट डोळ्यापुढं आण. हत्ती फक्त आडवा नाहीतर उभा जातो, तिरका जात नाही. त्याला एका कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यात जायचं तर आडवी घरं अधिक उभी घरं एवढं अंतर पडतं, तुझे १० इंच म्हणजे हत्तीचं अंतर. राजा तिरका पण जातो आणि त्याला तिरकी चाल पण एकच चाल धरली जाते, म्हणून राजाचं अंतर म्हणजे आडव्या आणि उभ्यातलं जे मोठं असेल ते, ते तुझे ५ इंच. पिक्सेल मोजणं म्हणजे राजाच्या चाली मोजणं. आणि पटावर दोरी ताणून धरली तर जी लांबी येते ती खरी, ती ७.०७.

एक गोष्ट मला स्वतःला पहिल्यांदा कळली तेव्हा लई विचित्र वाटलेली. माणसाला वाटतं की पिक्सेल अजून बारीक केले की पायऱ्या बारीक होतील आणि पायऱ्यांची बेरीज हळूहळू खऱ्या लांबीजवळ येईल. येत नाही! पिक्सेल निम्म्या मापाचे केले तर पायरी निम्मी होते पण पायऱ्या दुप्पट होतात, बेरीज १० ती १०च. हजारपट बारीक कर, डोळ्याला ती एकदम सरळ रेष दिसंल, तरी पायऱ्यांची बेरीज १०च. राजाचं पण तसंच, ते ५ वरच अडकतं. म्हणजे रिझोल्यूशन वाढवून हा घोळ सुटत नाही, मोजायची रीतच बदलावी लागते.

आणि अजून एक बारीक मुद्दा, २४० पिक्सेल म्हणजे मधली अंतरं २३९च होतात जर पहिल्या पिक्सेलच्या मध्यापासनं शेवटच्याच्या मध्यापर्यंत मोजलं तर. दहा खांबांमध्ये नऊ गाळे, तसं. मोठ्या रेषेत ते कळत नाही पण १० पिक्सेलच्या बुट्टीत दहा टक्के फरक पडतो.

सव्वाआठ मात्र मला पण समजंना झालंय. कापड ताणलं गेलं असेल का?

ग्राफ_मास्टर_सोलापूर

कापड ताणलेलं नाही बाळा. ७.०७ चं सव्वाआठ व्हायला सतरा टक्के ताणावं लागंल, जाड वॉल हँगिंगचं कापड तेवढं ताणतच नाही, आणि ताणलं असतं तर रुंदीला पण कळलं असतं.

मी तीस वर्षं कागदावर ग्राफ भरलाय. लाल पेन्सिलीनं एकेक घर. डोळे गेले पण त्या कागदानं एक गोष्ट पक्की शिकवली ती आता स्क्रीनवर शिकणाऱ्या पोरांना कुणी सांगतच नाही म्हणून सविस्तर लिहितो.

ग्राफचं घर चौरस नसतं. स्क्रीनवरचा पिक्सेल चौरस आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतं. कापडावर एका घराची रुंदी म्हणजे एका ताण्याच्या धाग्याची जागा आणि घराची उंची म्हणजे एका पिकाची जागा. इंचात ४८ ताणे म्हणजे घर १/४८ इंच रुंद. इंचात ३६ पिकं म्हणजे घर १/३६ इंच उंच. ही दोन मापं एक नाहीत! घर रुंदीपेक्षा उंचीला जास्त आहे. म्हणून तर आमच्या वेळी ग्राफ पेपर पण वेगवेगळा मिळायचा, आठ बाय आठ, आठ बाय दहा, आठ बाय सहा, म्हणजे जाड रेघांच्या एका चौरसात आडवी घरं आठ आणि उभी घरं दुसऱ्या आकड्याएवढी. रीड (इंचातले ताणे) आणि पिक बघून कागद निवडायचा. तुझं ४८ ला ३६ म्हणजे ८ ला ६, तुला आठ बाय सहाचा कागद लागला असता, आणि त्या कागदावर तू हा शंकरपाळा काढला असतास तर पेन्सिल टेकवल्या टेकवल्या तो लांबट दिसला असता, कापडापर्यंत जावंच लागलं नसतं. स्क्रीननं तुला आठ बाय आठचा कागद दिला आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवलास.

आता हिशेब कर. २४० कॉलम भागिले ४८, रुंदी ५ इंच. २४० ओळी भागिले ३६, उंची ६.६७ इंच. दोन्ही बाजू तू ४८ नंच भागल्या होत्यास, तिथं चूक झाली. आता ५ चा वर्ग २५, ६.६७ चा वर्ग साधारण ४४.४४, बेरीज ६९.४४, त्याचं वर्गमूळ ८.३३ इंच. हा तुझा सव्वाआठाला टेकणारा आकडा.

यात अजून एक सुंदर गोष्ट आहे. ३६ आणि ४८ हे ३ आणि ४ च्या प्रमाणात आहेत. गवंडी पाया आखताना काटकोन कसा जुळवतो बघितलंयस का, दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करतो आणि मधलं तिरकं बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो, गुण्या नसला तरी काटकोन पक्का. तुझ्या कापडातलं एकेक घर म्हणजे तोच ३-४-५ आहे. १/४८ इंच म्हणजे ३/१४४. १/३६ इंच म्हणजे ४/१४४. आणि घराचा कर्ण बरोबर ५/१४४ इंच. मग २४० घरं तिरकी गेलास तर २४० गुणिले ५ भागिले १४४, ८.३३. वर्गमूळ काढायची पण गरज नाही. सगळ्याच रीड-पिकाला असं जुळत नाही, तुझ्या क्वालिटीला जुळलंय.

म्हणून पोरांना मी सांगतो, पिक्सेलचे कधी इंच समजू नका. आधी आडवं वेगळं भागा, उभं वेगळं भागा, दोन्हीचे इंच करा आणि मग कर्ण काढा. पिक्सेलमध्ये कर्ण काढून मागनं भागायला गेलात की फसलात, कारण त्या कर्णाला भागायचं कशानं, ४८ नं की ३६ नं? दोन्हीनं नाही.

अंशाचं पण तेच. स्क्रीनवर ४५ अंश दिसलेली तुझी रेष कापडावर ५३ अंशाला उभी राहिलीय.

साखरपेठ_डिझाइन

मास्टर, खरंच मनापासनं धन्यवाद. रात्री अकराला वाचलं आणि उठून पीस घेऊन बसलो, आई म्हणाली झोप की आता.

पण ८.३३ आणि माझा टेप यात अजून थोडा फरक आहे, टेप ८.२५ आणि ८.२७ च्या मध्येच दाखवतोय, चारी बाजू आणि तीन पीस बघितले.

ग्राफ_मास्टर_सोलापूर

३६ पिकं हा आकडा कुठनं घेतलास? मागावर गिअर लावलाय त्यावरनं ना? मागावर कापड ताणलेलं असतं. मागावरनं उतरलं की ढिलं होतं, धागे जवळ येतात, पिकं थोडी वाढतात. धुलाई किंवा फिनिशिंग झालं की अजून बदलतं. मागावरचा आकडा हा मागाचा, कापडाचा आकडा कापडावरच मोजायचा.

एक इंच मोजू नकोस. भिंगानं एका इंचात मोजलं तर अर्धा धागा इकडं का तिकडं कळत नाही. पूर्ण दहा इंच मोज, दोन टाचण्या टोचून, मध्ये जेवढी पिकं येतील त्याला दहानं भाग. ताण्याचं पण तसंच. आणि काठाजवळ मोजू नकोस, मधोमध मोज. पीस टेबलावर एक दिवस पडून राहिलेला असू दे.

साखरपेठ_डिझाइन

मोजलं. डोळे दुखले पण मोजलं. दहा इंचात ताणा ४८० च आला, पिकं ३६५ आली! म्हणजे ३६.५.

२४० भागिले ३६.५ म्हणजे ६.५७५. वर्ग ४३.२३. अधिक २५, ६८.२३. वर्गमूळ ८.२६. टेप बरोबर होता.

एका पीसला चार बाजू ३३.०४ आणि जोडाचा अर्धा इंच, ३३.५४ इंच. ४४ मीटर म्हणजे १७३२ इंच, भागिले ३३.५४ केलं तर ५१ पूर्ण आणि थोडं उरतं. ५१ पीसच झाले होते. हिशेब इतका नेमका जुळला की आधीच बसून केला असता तर असं वाटून जरा वाईट वाटलं. ६० पीसला ५१ मीटर पाहिजे होती.

होटगीरोड_घरगुती

मी पण विचारू का याच्यातच? आमच्याकडं टेबल रनर असतात, त्याच्या दोन टोकांना कोयरी आहे आणि कोयरीच्या कडेनं बारीक दोरी लावतो. कोयरीला तर सरळ बाजूच नाही, पूर्ण गोलाई आहे आणि वर शेपूट वळलेलं. तिथं लांबी रुंदी कुठली घेणार? आमचं कापड पण ४८-३६ चंच आहे. मोजलेलं आहे, मागावरचं नाही.

तिसरं_वर्ष_कॉम्प्युटर

ताई, वळणाला कडेनं एकेक पिक्सेल चालत जायचं आणि प्रत्येक पाऊल कुठल्या दिशेला पडलं ते लिहायचं. आडवं, उभं की तिरकं. याला चेन कोड म्हणतात, फ्रीमन नावाच्या माणसानं १९६१ मध्ये मांडला, आठ दिशांना शून्य ते सात आकडे दिले. चौरस पिक्सेलला सरळ पावलाचा १ आणि तिरक्या पावलाचा १.४१४ धरून बेरीज करायची. तुमच्या कापडाला मास्टरांचा ३-४-५ वापरा, आडवं पाऊल ३, उभं पाऊल ४, तिरकं पाऊल ५, सगळी बेरीज भागिले १४४, झाले इंच. इतकं गोड प्रमाण मी पुस्तकात पण बघितलं नाही.

होटगीरोड_घरगुती

केलं. मोठं करून कागदावर प्रिंट काढली आणि लेकीनं आणि मी मिळून मोजलं. आडवी ११८, उभी ६४, तिरकी १५०. म्हणजे ३५४ अधिक २५६ अधिक ७५०, १३६०. भागिले १४४, ९.४४ इंच.

पण दोरी प्रत्यक्षात लावली की पावणेनऊच लागते एका कोयरीला. पाऊण इंच कुठं गेला? सगळी पावलं दोनदा मोजलीत, चुकलं नाही.

तिसरं_वर्ष_कॉम्प्युटर

ताई तुमचं मोजणं बरोबर आहे, मी अर्धंच सांगितलं त्याची माफी. आज बसून कागदावर मांडलं तेव्हा नीट दिसलं.

तिरकी पावलं धरली तरी मोजणं अजून नागमोडीच राहतं. समजा कड अशी जातीय की ८ घरं आडवी आणि ३ घरं वर. पावलं कशी पडतील, ५ आडवी आणि ३ तिरकी. बेरीज १५ अधिक १५, ३०. पण दोरी ताणली तर? आडवं ८ गुणिले ३ म्हणजे २४, उभं ३ गुणिले ४ म्हणजे १२, वर्ग ५७६ अधिक १४४, ७२०, वर्गमूळ २६.८३. आपण ३० धरलं. जवळजवळ बारा टक्के जास्त! तुमच्या घराला सगळ्यात वाईट दिशा हीच आहे. सपाट आणि घराच्या कर्णाच्या बरोबर मधली. कर्ण आणि उभी रेष यांच्या मधल्या दिशेला चूक साडेपाच टक्क्यांच्या आतच राहते. आणि रेष नेमकी आडवी, नेमकी उभी किंवा नेमकी घराच्या कर्णावरनं गेली तर चूक शून्य, म्हणून दादाच्या शंकरपाळ्याला ही भानगड आली नाही. कोयरीत सगळ्याच दिशा येतात, काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी बारा, मिळून तुमचे आठ टक्के झाले.

चौरस पिक्सेलला ही चूक जास्तीत जास्त ८.२ टक्के असते आणि तिथं लोक १ आणि १.४१४ च्या ऐवजी ०.९४८ आणि १.३४३ वापरतात. त्यानं काय होतं, सरळ रेष थोडी कमी भरते, मधल्या दिशेची थोडी जास्त, आणि सगळ्या दिशांची मिळून सरासरी बरोबर येते. फक्त ते आकडे चौरस घराचे आहेत, आपल्या ३-४ च्या घराला तसेच चालणार नाहीत.

त्यापेक्षा कडेवर दर आठ-दहा घरांनंतर एक ठिपका द्या, आणि एका ठिपक्यापासनं पुढच्या ठिपक्यापर्यंत सरळ कर्ण काढा, आडवं वेगळं उभं वेगळं इंचात करून. सगळ्या कर्णांची बेरीज करा. जिथं वळण कडक आहे, शेपटाजवळ, तिथं ठिपके जवळ जवळ द्या. ठिपके लई लांब दिले तर वळण कापलं जाऊन लांबी कमी भरंल, लई जवळ दिले तर परत पायऱ्या मोजल्यासारखं होईल.

ग्राफ_मास्टर_सोलापूर

पोरानं छान सांगितलं. मी याला एवढंच जोडतो की एकच कोयरी असेल तर एक पीस विणून त्याच्यावर दोरा ठेवा, वळणावळणानं बोटानं बसवत न्या, मग दोरा उचलून पट्टीवर सरळ धरा. आमच्या आधीच्या माणसांनी असंच केलंय. हिशेब लागतो तो पीस विणायच्या आधी गिऱ्हाइकाला भाव सांगायचा असतो तेव्हा. कधी दोऱ्यानं मोजायचं आणि कधी हिशेबानं, ते काम बघून ठरवायचं.

नकाशावाला_१७_अंश

विषय थोडा वेगळा पण घर चौरस नसतं हे वाचून राहवलं नाही. मी उंचीच्या नकाशांवर काम करतो. उपग्रहावरनं मिळालेली उंचीची जी माहिती एक सेकंदाच्या (अंशाचा ३६०० वा भाग) घरात येते त्यात पण हेच आहे. आपल्या सोलापूरचा अक्षांश साडेसतराच्या थोडा वर, इथं एक सेकंद अक्षांश म्हणजे साधारण ३०.७ मीटर पण एक सेकंद रेखांश म्हणजे २९.५ मीटरच्या आसपास, कारण उत्तरेला जाल तशी रेखांशाची वर्तुळं जवळ येतात. लोक दोन्हीकडनं ३० धरून ओढ्याची लांबी काढतात. इथं फरक चार टक्क्यांचा आहे म्हणून खपून जातो, पण काश्मीरच्या नकाशाला तीच सवय ठेवली की घर एकदम अरुंद झालेलं असतं. आधी मीटर करा आणि मग कर्ण काढा, मास्टरांचंच वाक्य आमच्याकडं पण लागू आहे.

साखरपेठ_डिझाइन

वा, हे माहीत नव्हतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठाची लांबी काढायला घेतली तरी कोयरीवाल्या ताईंसारखीच अडचण येणार म्हणजे.

मास्टर, शेवटचे दोन प्रश्न. गिऱ्हाइकानं उरलेले नऊ पीस सोडून नवीन ४० पीसची चौकशी केलीय पण या वेळी शंकरपाळा चौरस पाहिजे म्हणतो, लांबट नको. तर २४० कॉलमला ओळी किती घेऊ? ३६.५ नं ५ इंच उंची म्हणजे १८२.५ येतात. १८२ घेऊ की १८३? आणि दुसरा म्हणजे शंकरपाळ्याच्या आत मी एक पिक्सेलची तिरकी बारीक रेष दिली होती, ती आडव्या रेषेपेक्षा फिकट दिसतीय. रंग तोच आहे.

ग्राफ_मास्टर_सोलापूर

१८२ पण नको, १८३ पण नको. १८० घे. कारण सांगतो.

२४० कॉलम १८० ओळींत बसवायचे म्हणजे दर ३ ओळींना ४ कॉलम. मग पायरी कशी पडते, एक, एक, दोन, एक, एक, दोन, वरपासनं खालपर्यंत एकच ताल. डोळ्याला ती रेष गुळगुळीत दिसते. १८२ घेतलेस तर १२४ ओळींना एक कॉलम आणि ५८ ओळींना दोन कॉलम येतात, आणि ते ५८ दोनच्या जागा सारख्या अंतरावर बसत नाहीत. बहुतेक वेळा दोन एक झाल्यावर एक दोन, आणि मध्येच कुठंतरी तीन एक झाल्यावर दोन. जिथं ताल मोडतो तिथं रेषेला बारीक गाठ आल्यासारखी दिसते, भिंतीवर टांगल्यावर दहा फुटांवरनं पण कळते. १८० नं उंची ४.९३ इंच होते ५ च्या ऐवजी, कोन ४५ च्या ऐवजी साडेचव्वेचाळीसच्या थोडा वर. ते कुणाला दिसत नाही. मोजमापात अर्धा अंश चुकला तर चालतो, पायरीचा ताल चुकला तर चालत नाही. लेसला बाजू ७.०२ इंच धर.

तिसरं_वर्ष_कॉम्प्युटर

मध्ये बोलतो, सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं देऊन रेष ओढली की हे एक-दोन कुठं टाकायचे ते ब्रेझनहॅमची रीत ठरवते. आयबीएममध्ये प्लॉटर चालवायला १९६२ मध्ये काढली, १९६५ मध्ये छापून आली. फक्त बेरीज वजाबाकीत चालते, गुणाकार पण नाही. प्रत्येक कॉलमला खरी रेष कुठल्या घराच्या जास्त जवळ आहे ते बघून ते घर भरते. त्यामुळं १८० दिलं तर ती आपोआप मास्टरांचा ताल धरेल, १८२ दिलं तर आपोआप मोडेल, तिला बिचारीला कापड माहीत नाही.

ग्राफ_मास्टर_सोलापूर

बरोबर. आता फिकट रेषेचं. ती फिकट नाही, बारीक आहे. जुन्या शंकरपाळ्याचंच घे, एक वर एक बाजूला जाणारी. एका पिक्सेलची आडवी रेष किती जाड, एका पिकाएवढी, १/३६ इंच. उभी रेष १/४८ इंच. तिरकीत काय होतं बघ. प्रत्येक पायरीला रंगाचं घर एकच मिळतं, घराचं क्षेत्रफळ १/४८ गुणिले १/३६ म्हणजे १/१७२८ चौरस इंच, पण तेवढाच रंग ५/१४४ इंच लांबीवर पसरायचा असतो. क्षेत्रफळ भागिले लांबी कर, जाडी येते १/६० इंच. आडवीपेक्षा निम्म्याच्या थोडी जास्त, उभीपेक्षा पण बारीक. घरं नुसती कोपऱ्यानं एकमेकांना टेकलेली असतात, शिवाय तिथं बाजूचा जमिनीचा (नक्षीमागच्या साध्या कापडाचा) धागा फुगून कडा झाकतो.

म्हणून तिरक्या रेषेला प्रत्येक ओळीत दोन घरं भर. जाडी १/३० इंच होईल, आडव्याच्या जवळपास. घरं कडेनं चिकटतात, रेष तुटक दिसत नाही. कागदावर भरताना आम्ही न सांगता दोन भरायचो. स्क्रीनवरची माणसं एक पिक्सेलची रेष ओढून मोकळी होतात आणि मग रंगाला दोष देतात.

होटगीरोड_घरगुती

आमच्या कोयरीची कड काही ठिकाणी तुटल्यासारखी दिसते ती यामुळंच. जिथं जिथं तिरकी पावलं लिहिली होती तिथंच तुटलीय, आत्ता प्रिंट शेजारी ठेवून बघितलं.

साखरपेठ_डिझाइन

एक बाजू २४० बाय १८० धरून नवीन फाइल केली, आतली रेष दोन घरांची केली. सॉफ्टवेअरमध्ये रीड-पिक टाकायची जागा होती, चार वर्षांत मी ती कधी भरलीच नव्हती. ४८ आणि ३६.५ टाकल्याबरोबर स्क्रीनवरचा जुना शंकरपाळा माझ्यासमोर लांबट झाला आणि नवीन चौरस झाला.

लेस चार बाजू २८.०८, जोडाला अर्धा इंच, ४० पीसला ११४३ इंच, म्हणजे २९ मीटर आणि थोडं. ३१ मीटर मागवतोय, एकाच लॉटची. जुने नऊ पीस गिऱ्हाइकाला दाखवले, तांबूस लेस लावलेले वेगळे गठ्ठ्यात घ्यायला तयार झालाय, एकत्र मिसळू नका म्हणाला. आई आज संध्याकाळपासनं ते लावायला बसणार आहे, आठ मीटर आणलीय. उद्या सँपल विणून उतरला की एक दिवस टेबलावर ठेवतो आणि दहा इंच परत मोजून इथंच टाकतो.

ग्राफ_मास्टर_सोलापूर

टाक. आणि बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) बदलला की परत मोज, जुन्या आकड्यावर जाऊ नकोस.